ड्रेजर्सच्या भिंतीवरची इर्मा

इर्मा व्हॅरगाला हरणं कधीच आवडलं नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पोर्ट हॅरलन गावात त्या उन्हाळ्यात निम्म्या लोकांचा समज नेमका उलटा झाला होता.

ती नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला पहिल्यांदा बेसबॉलच्या मैदानावर नेलं. वडील गोदीत जहाजांना रिबिटं ठोकायचे. हंगेरीतून आलेला माणूस, इंग्रजी मोडकंतोडकं, पण ड्रेजर्स संघाच्या चेंडू टाकणाऱ्या पिचरला शिव्या द्यायला पुरेल एवढं होतं. त्या दिवशी ड्रेजर्स हरले. घरी येताना इर्मा रडली, तेव्हा वडील म्हणाले, "रडतेस काय? उद्या परत मॅच आहे." दुसऱ्या दिवशी दोघं परत गेले. परत हरले.

ड्रेजर्स म्हणजे बंदरातला गाळ उपसणारे. संघही धाकट्या लीगमधला, गावासारखाच अंगापिंडाने दणकट आणि नशिबाने जेमतेम. इर्मा बघायला लागल्यापासून अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी लीग एकदाच जिंकली, १९६८ च्या सप्टेंबरात, आणि ती अखेरची मॅच इर्माला बघता आली नाही. ती प्रसूतिगृहात होती. नर्स धावत आली आणि म्हणाली, "जिंकले हो, जिंकले!" आणि त्यानंतर वीस मिनिटांनी क्लारा जन्मली. क्लारा आता त्रेचाळीस वर्षांची झाली, शिकागोत दातांची डॉक्टर आहे, तरी आईचा वाढदिवसाचा फोन आला की ऐकावंच लागतं, "एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

इर्माने एकतीस वर्षं गावातल्या साउथ साइड भागातल्या शाळेत स्वयंपाक केला. आदल्या दिवशी ड्रेजर्स हरले असतील तर ती बटाटे असे चेचायची की भटारखान्यातल्या बायका एकमेकींकडे बघून बोटांनी खूण करायच्या, आज बोलू नका. मुलांनाही कळायचं. कुस्करलेल्या बटाट्यात गुठळ्या लागल्या की तिसरीतली पोरंसुद्धा ओळखायची, काल जिंकले वाटतं.

नवरा श्टेफान, त्याला बेसबॉलचं काही सोयरसुतक नव्हतं. तो तळ्यावर मासे धरायचा. "मी गळ टाकतो, निदान दहातून चारदा तरी मासा लागतो," तो म्हणायचा. "तुझे बुडवे बघ."

"मासे उलटून मारत नाहीत, श्टेफान. त्यांच्याशी कोणीही जिंकेल."

मैदानावर तिची जागा ठरलेली. तिसऱ्या बेसच्या अंगाला, सातवी रांग. शेजारच्या खुर्चीवर क्लॅरेन्स टिब्ज, निवृत्त पोस्टमन, काळा, उंच, हळू बोलणारा. सव्वीस वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून बसत आले, पण मैदानाबाहेर कधी भेटले नाहीत. एकमेकांच्या घरचा पत्ता ठाऊक नव्हता, पण कोणाला कोणत्या खेळाडूचा किती राग आहे हे पाठ होतं. तो तिला व्हॅरगाबाई म्हणायचा. त्याची बायको गेली त्या वर्षी तो दोन आठवडे आला नाही, तर इर्माने त्याच्या खुर्चीवर आपला कोट टाकून तिथे कुणाला बसू दिलं नाही. परत आल्यावर तो नुसतं म्हणाला, "स्कोअर काय?" ती म्हणाली, "विचारू नका."

हे सगळं असंच चाललं असतं. पण २०११ च्या आधी दोन वर्षं संघाला नवा मालक आला. हॅडली नावाचा, दुसऱ्या राज्यातला, मोटारी धुण्याच्या दुकानांची साखळी असलेला. त्याने पहिल्या वर्षी चांगला पिचर विकला. दुसऱ्या वर्षी दोन फलंदाज विकले. त्यांच्या जागी जे आले त्यांना चेंडू दिसतो की नाही अशी शंका यावी. तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्या २०११ च्या उन्हाळ्यात, ड्रेजर्स ओळीने सतरा मॅचेस हरले.

इर्मा सगळ्या घरच्या मॅचेसना हजर होती. चौदाव्या पराभवाच्या वेळी, अकरा-शून्य असताना, क्लॅरेन्सच्या हॉटडॉगमधली मोहरीची चटणी त्याच्या हनुवटीवरून थेट शर्टाच्या खिशात गेली, आणि खिशात चष्मा होता. इर्माला हसू आवरेना. तोंड उघडं, डोळे मिटलेले, खोटा दात दिसतोय, अशी ती हसली. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

दहाबारा दिवसांनी ती वाणसामान आणायला गेली, तर गल्ल्यावरची बाई तिच्याकडे टक लावून बघायला लागली. "अय्या, तुम्हीच ना त्या? हरणाऱ्या आजी?"

"कोण आजी?"

"अहो, मैदानाच्या भिंतीवरच्या! किती गोड दिसता!"

इर्माने पिशवी तिथेच ठेवली आणि गाडी मैदानाकडे घेतली. दुरूनच दिसलं. पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीवर, तीन मजली उंच, तिचं तोंड. उघडं तोंड, मिटलेले डोळे, बादलीएवढा खोटा दात. शेजारी मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: हरलो? हरू दे! मजा तर आली! खाली पाव करणाऱ्या एका बेकरीचं नाव. आणि दारापाशी शर्ट विकायला ठेवलेले, त्यांच्यावरही तेच तोंड, तेच वाक्य.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती किती वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहिली हे तिला नंतर आठवेना. तिला राग आपल्या दाताचा नव्हता. त्या वाक्याचा होता. अठ्ठावन्न वर्षांत तिने एकदाही म्हटलं नव्हतं की हरू दे.

कचेरीत जाहिरातीचं काम बघणारा डेरिक प्लमर नावाचा माणूस बसला होता. तिशीतला, नीटनेटका, आणि वाईट म्हणजे चांगल्या स्वभावाचा. तिला बघून तो खुर्चीवरून उठलाच. "मिसेस व्हॅरगा! आम्ही तुम्हालाच शोधत होतो! लोक वेडे झालेत तुमच्यावर!"

"ते उतरवा."

"काय?"

"भिंतीवरचं. उतरवा."

"अहो, पण आम्ही तुमचं कौतुक करतोय. इतकी वर्षं संघ हरतोय तरी तुम्ही हसत येता. हीच तर आपली ओळख आहे! जिंकणारे संघ काय, कुठेही असतात."

"मी हसत येत नाही," इर्मा म्हणाली. "मी जिंकायला येते. दर वेळी. काल आले ती जिंकायला, परवा आले ती जिंकायला. तुमचा संघ हरतो ती तुमची करणी. माझ्या तोंडात कशाला घालता?"

"फोटोत तर तुम्ही हसताय."

"चटणी सांडली म्हणून हसले! तुमच्या घरी माणूस आजारी असताना कोणी शिंकलं तर हसत नाही कोणी? म्हणून काय बाहेर पाटी लावता, आमच्याकडे आजारपणात फार मजा येते?"

डेरिकने सूर बदलला. मग म्हणाला, जन्मभराचा फुकट पास देतो. पुढच्या मॅचला पहिला चेंडू तुमच्या हातून टाकू. मैदानावर टाळ्यांच्या गजरात नेऊ. इर्माने विचारलं, तेव्हा मी कोणता शर्ट घालायचा? त्याने शर्टांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. तेवढंच पुरे झालं. ती उठली, तसा तो जरा ओशाळून म्हणाला, "तिकिटाच्या मागे लिहिलेलं असतं, मिसेस व्हॅरगा. मैदानात काढलेला फोटो संघाचा. मी नाही लिहिलं ते."

तिने पर्समधलं तिकीट काढून उलटलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं खरं.

त्या संध्याकाळी ती धुमसतच घरी आली. श्टेफानने मासे तळले होते, तेही तिने खाल्ले नाहीत. तो म्हणाला, "अगं, चार दिवसांनी लोक विसरतील."

"लोक विसरतील म्हणून मी गप्प बसू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस."

पुढच्या शनिवारी दुपारची मॅच होती. इर्मा वेळेवर निघाली, पण दारातून आत गेली नाही. पूर्वेच्या भिंतीखाली, बरोबर आपल्या हनुवटीच्या खाली, फुटपाथवर घडीची खुर्ची टाकली, रेडिओ मांडीवर घेतला आणि गळ्यात पुठ्ठा अडकवला. पुठ्ठ्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ही बाई मी आहे. हे वाक्य माझं नाही.

लोक थांबायला लागले. काही वाचून गंभीर झाले, पण बरेचसे हसले. शर्ट घातलेलं एक टोळकं तिच्या खुर्चीभोवती उभं राहून फोटो काढून गेलं. एकाने शर्टावर सही मागितली. तिने पेन घेतलं, त्याच्या छातीवरचं 'हरू दे' खोडलं आणि पेन परत दिलं. एक जाडसर गृहस्थ, बरोबर बायकोमुलं, समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, खेळ आहे हो शेवटी. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"तुम्ही काय काम करता?" इर्माने विचारलं.

"छपरं घालतो. घरांची."

"मग गिऱ्हाइकाचं छप्पर गळायला लागलं की काय सांगता? गळू दे, मजा तर आली?"

त्याची बायको खो-खो हसली. तो मात्र लाल होऊन आत गेला.

क्लॅरेन्स आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. हातात तिकीट. इर्माने तिकिटाकडे पाहिलं. "तुम्ही आत जाणार?"

"जाणार."

"मी इथे बसले असताना?"

"व्हॅरगाबाई," क्लॅरेन्स हळूच म्हणाला, "नवा डावखुरा पिचर आहे आज. कोणीतरी बघायला नको का?"

तिने रेडिओ मोठा केला. तो गेला. तिला त्या क्षणी हॅडलीपेक्षा क्लॅरेन्सचा राग जास्त आला. सव्वीस वर्षं! पण सातव्या डावाच्या मधल्या सुट्टीत भिंतीच्या बाजूच्या जाळीपाशी खोकल्याचा आवाज आला. जाळीला नाक लावून क्लॅरेन्स उभा होता. "चेंडू टाकताना डावखुऱ्याचा खांदा लवकर उघडतो. रेडिओवाला सांगणार नाही तुम्हाला. आणि तुमच्या खुर्चीवर माझी टोपी ठेवलीय."

इर्माने रेडिओचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "कोपर खाली पडतं का?"

"पडतं."

"वाटलंच मला."

ड्रेजर्स हरले. रविवारी परत हरले. मंगळवारी श्टेफान आला. मासे धरताना बसायची खुर्ची आणि डबा घेऊन. डब्यात पाप्रिका मिरचीची पूड घातलेला बटाट्याचा रस्सा. तो तिच्याशेजारी बसला आणि त्याने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. त्याने ती भिंत तोवर पाहिलीच नव्हती.

"हा तुझा दात दाखवलाय त्यांनी," तो म्हणाला.

"दाताचं जाऊ दे."

"कसं जाऊ दे? लग्नाच्या फोटोतसुद्धा तू तोंड मिटून उभी आहेस. चाळीस वर्षं मला तो दात नीट दिसू दिला नाहीस, आणि हे हलकट तीन मजली करून लावतात?" त्याचा आवाज चढला. तो दारावरच्या तिकीट तपासणाऱ्याकडे गेला आणि हंगेरियनमध्ये असं काही बोलला की इर्माने मान खाली घातली. त्या दिवसापासून तो रोज आला. मॅचचं त्याला काही कळत नव्हतं. रेडिओवर लोक ओरडले की तो विचारायचा, "हे आपले की त्यांचे?" बहुतेक वेळा ते त्यांचे असायचे.

गुरुवारी सराव सुरू व्हायच्या आधी खेळाडूंच्या दारातून एक जण बाहेर आला आणि सरळ तिच्याकडे चालत आला. ओस्वाल्दो पेन्या, संघाचा कॅचर, फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. डॉमिनिकन, एकतीस वर्षांचा, गुडघ्यांना पट्ट्या. मोठ्या लीगमध्ये त्याला कधी कोणी बोलावलं नव्हतं आणि आता बोलावणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या हातात तो शर्ट होता.

"मॅडम, हा आम्हाला दिलाय. सरावात घालायला."

इर्माला आधी कळेचना. "तुम्हाला? खेळणाऱ्यांना?"

"हो. साहेब म्हणाले, लोकांना आवडतं." तो फुटपाथच्या कडेवर बसला. "माझ्या आईने हा फोटो बघितला. भाचीने फोनवर दाखवला. आईचा फोन आला. विचारते, बाळा, तू हरलास की तिथले लोक खूश होतात का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, विचारून सांगतो."

इर्मा उठून उभी राहिली. "तुझ्या आईला सांग, पोर्ट हॅरलनमध्ये एक बाई आहे, ती अठ्ठावन्न वर्षांत हरल्यावर एकदासुद्धा खूश झालेली नाही. माझं नाव सांग. आणि तू! तू दुसऱ्या बेसवर चेंडू फेकताना उंच का फेकतोस? मे महिन्यापासून बघतेय मी. गुडघा दुखतो म्हणून उठत नाहीस पुरता, आणि मग हाताने ओढतोस. दिसतं आम्हाला!"

श्टेफान म्हणाला, "इर्मा, बिचारा आत्ताच आलाय."

पण पेन्या हसत नव्हता आणि रागावलाही नव्हता. तो तिच्याकडे असा बघत होता, जणू बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्याच्याशी कामाचं बोललं होतं. "डावा गुडघा," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर ओळखलंत." आणि शर्ट घेऊन आत गेला.

त्या दिवशी सरावाला ड्रेजर्सचे सगळे खेळाडू शर्ट उलटे घालून आले. शिवण बाहेर, तोंड आत. कोणी भाषण केलं नाही. पेन्या सगळ्यांत पुढे. गावच्या वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दोन फोटो छापले, एक उलट्या शर्टांचा आणि एक फुटपाथवरच्या खुर्चीचा. हॅडलीने दुसऱ्या राज्यातून निवेदन धाडलं की काही लोकांना गंमत कळत नाही याचं आपल्याला वाईट वाटतं. ते वाचून इर्माने वर्तमानपत्राचा बोळा केला, मग उलगडून परत वाचलं, कारण एवढं निर्लज्ज कोणी लिहू शकतं यावर तिचा विश्वास बसेना.

शेवटी चित्र उतरलं ते लाजेने नाही. बेकरीच्या मालकिणीला उलट्या शर्टांबरोबर आपलं नाव दिसणं परवडेना. तिने आपलं नाव काढून घेतलं, आणि मग भिंतीचं भाडं द्यायला कोणी उरलं नाही. एवढंच. कोणी इर्माकडे आलं नाही, कोणी चुकलं म्हणालं नाही. फक्त डेरिक प्लमर खाली येऊन म्हणाला, "आज दुपारी काढताहेत. तुम्हाला सांगावंसं वाटलं." आणि तो परत वर गेला.

दोन कामगारांनी शिडीगाडीवरून चित्र पट्ट्यापट्ट्यांनी सोललं. हनुवटीपासून सुरुवात केली, मग दात, मग नाक. श्टेफान, क्लॅरेन्स आणि इर्मा रस्त्यापलीकडे उभे राहून बघत होते. कामगाराने वरून हाक मारली, "बाई, एखादा तुकडा हवाय का आठवण म्हणून?"

"तोंड आहे माझ्याकडे," इर्मा म्हणाली.

त्याच दुपारी ती आत गेली. सातवी रांग, क्लॅरेन्सची टोपी उचलून त्याच्या हातात दिली आणि बसली. आजूबाजूच्या पाचपन्नास लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तशी ती वळून म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मॅच तिकडे आहे!"

ड्रेजर्स हरले. पण चौथ्या डावात समोरच्या संघाचा पळणारा फटक्याची वाट न बघता दुसरा बेस चोरायला निघाला, तेव्हा पेन्या पुरता उठला, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि चेंडू जमिनीला समांतर असा गेला की पळणारा दोन पावलं अलीकडेच बाद झाला. इर्मा खुर्चीवर उभी राहून ओरडली, "अस्सं! हे मे महिन्यात का नाही केलंस?"

तो हंगाम ड्रेजर्सनी तळाला संपवला. ऑक्टोबरात पेन्याला संघातून काढल्याची तीन ओळींची बातमी आली. त्याने सात वर्षं गुडघे घासले होते तिथे. निरोप नाही, हारतुरा नाही. इर्माने कचेरीला फोन लावला. डेरिक प्लमर नोकरी सोडून गेला होता. नव्या मुलीने तिला थांबायला सांगितलं आणि फोनवर संगीत लावलं. इर्मा चाळीस मिनिटं थांबली, श्टेफानने हाताने खुणावलं ठेव म्हणून, तरी थांबली. मग त्या मुलीला एका दमात सांगितलं की माणसाला असं काढत नाहीत, की तो या गावात शेवटचा माणूस होता ज्याला हरण्याची लाज वाटत होती, आणि हे हॅडलीला शब्दशः कळवा. मुलीने विचारलं, "तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगाल का?" इर्माने सांगितलं. मग क्लॅरेन्सला फोन केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. नंबर तिने टेलिफोन डिरेक्टरीत शोधून काढला. दोघं तासभर तावातावाने बोलले.

पुढच्या एप्रिलमध्ये थंडी अजून होती. इर्मा ब्लँकेट घेऊन सातव्या रांगेत जाऊन बसली. ड्रेजर्स पहिलीच मॅच एका धावेने हरले. नवा कॅचर तिला मुळीच पसंत पडला नाही, आणि तिने ते त्याला तिसऱ्या डावापासून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली होती.